पाण्याआधीचा प्रश्न

पहिल्या घराच्या पडवीतले माठ पालथे घातलेले दिसले तेव्हा मला वाटलं, घरात कोणी नसेल. पण दारातच एक बाई कैऱ्या सोलत बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं, हलकीशी मान हलवली आणि पुन्हा सुरीला लागली.

दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी तर माणसं होती, खाट होती, खाटेखाली कोंबड्या होत्या. घडवंचीवरचे माठ मात्र पालथे. मे महिना, डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेला खडक आणि त्या खडकावर जिकडेतिकडे वाळत घातलेल्या कैऱ्यांच्या फोडी. आमचुराचे दिवस होते. त्या वासाने कोणाच्याही तोंडाला पाणी सुटलं असतं, पण माझी जीभ टाळूला चिकटली होती.

"जामना, कोणाकडे पाणी मागतेस का?" गोवंडेसर मागून म्हणाले.

"मागायचं नसतं, सर. देतात."

"देताना दिसत नाहीत."

ते हसतच म्हणाले, पण माझी कानशिलं तापली. आमच्या खोऱ्यात आलेल्या माणसाला नाव विचारायच्या आधी पाणी देतात. तो वैरी असला तरी देतात, वनखात्याचा गार्ड असला तरी देतात. गोवंडेसरांना मी हे गाडीत बसल्यापासून कौतुकाने सांगत आले होते. आणि आता माझीच माणसं माझ्यासमोर माठ पालथे घालून बसली होती.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. सातपुड्यातल्या खाटीआंबा नावाच्या गावाच्या वर जो माळ आहे, तिथे एका कंपनीला मोठा तलाव बांधायचा होता. एक तलाव खाली दरीत, एक वर माळावर. पाणी वर चढवायचं, खाली सोडायचं आणि वीज करायची. पैसा परदेशातल्या एका बँकेचा होता आणि त्या बँकेची अट होती: आदिवासींच्या जमिनीला हात लावायचा तर संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या निकषांप्रमाणे त्यांची संमती हवी. मोकळेपणाने दिलेली, काम सुरू व्हायच्या आधी दिलेली आणि सगळं समजून दिलेली. हे सगळं घडवून आणायचं काम पुण्याच्या एका सल्लागार संस्थेकडे होतं. संस्था गोवंडेसरांची, आणि मी तिथे नोकरीला.

मी पावरा आदिवासी. या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला माझं गाव. आश्रमशाळा, मग नाशिकचं होस्टेल, मग पुणे, असं करत करत डोंगरापासून लांब गेलेले. खाटीआंब्यात माझी फुई, म्हणजे आत्या, दिलेली होती. लहानपणी उन्हाळाभर मी तिच्याकडेच असायचे.

गोवंडेसर वाईट माणूस असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. मला राग पटकन येतो, आणि वाईट माणसांवर तर तो काढायला बरा पडतो. पण पुण्यात मला खोली मिळत नव्हती, माझं आडनाव ऐकल्यावर घरमालकांना अचानक आपले भाचे-पुतणे आठवायचे, तेव्हा सरांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. वहिनींनी मला डबे दिले. ऑफिसात सकाळचा पहिला चहा सर स्वतः करायचे आणि पहिला कप माझ्यापुढे ठेवायचे. "आमची सातपुड्याची वाघीण," असं सगळ्यांना सांगायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

खाटीआंब्यातली पहिली सभा पौषात झाली होती. मी तेव्हा आईच्या आजारपणात गावी होते, म्हणून सरांनी तालुक्यातून एक दुभाष्या नेला होता. सभा झकास झाली. गावाने कोंबडी कापली, ढोल वाजवले, सरांच्या डोक्याला फेटा बांधला. मग सरांनी विचारलं आणि सगळं गाव हो म्हणालं. एकही विरोध नाही. फेट्यातला फोटो सरांनी ऑफिसात लावला होता.

पण बँकेने आपली एक बाई तपासायला पाठवली. डॉ. लीना कुरियन. केरळच्या, साठीला आलेल्या, हिंदी बेताचं, गुडघे त्याहून बेताचे. त्यांना ते एकमत खटकलं होतं. चढ चढताना धापा टाकत त्या सरांना खोदून खोदून विचारत होत्या.

"सभेला पोलीस होते?"

"नाही मॅडम."

"कंपनीची माणसं? काही वाटप झालं?"

"काही नाही. उलट त्यांनीच आम्हाला जेवू घातलं. याहून मोकळी संमती जगात कुठे मिळणार?"

मॅडम थांबल्या, घाम पुसला, बाटलीतला शेवटचा घोट घेतला. "सगळे हो म्हणाले म्हणूनच विचारते," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात चार माणसं आहेत, आणि आज भाजी कोणती यावर आमचं एकमत होत नाही."

पाण्याचा खोका खाली गाडीतच राहिला होता. एरवी गाडीचा आवाज आला की वरून माणसं उतरतात, सामान हातातून ओढून घेतात. आज कोणी आलं नव्हतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय. पण मी चरफडत वर निघाले, आणि आता पालथ्या माठांपुढे उभी होते.

सर आणि मॅडम सभेच्या जागी, मोहाच्या झाडाखाली टेकले. मी तडक फुईच्या घरी गेले.

फुई पडवीत बसली होती. समोर कैऱ्यांचा ढीग, मांडीवर सालींचा खच. मला पाहून तिचे डोळे क्षणभर हलले, मग ती खाली बघायला लागली.

"आली?"

"आले. फुई, पाणी दे."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या घरात पाणी मागितलं. तिने सुरी थांबवली नाही. तिची बोली पावरी, मी इथे जमेल तशी मराठीत आणते आहे.

"कोणाची म्हणून आली तू?"

"म्हणजे काय? कामाला आले. साहेबाबरोबर."

"मग झऱ्यावर जा, बाय. खाली पाणी आहे. झरा काय माझा नाय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. हिच्याच मांडीवर झोपून मी उन्हाळे काढले होते. ताप आला तेव्हा हीच मला पाठीवर टाकून डोंगर उतरली होती. आणि आता ही मला कुत्र्यामांजरासारखं झऱ्यावर जा म्हणत होती.

"कंपनीची झाले म्हणून पाणी तोडलं का माझं?"

"सभा आहे ना आज? जा. उशीर नको करू."

एवढंच. तिचे ओठ कोरडे पडून फुटले होते, हे मी पाहिलं, पण रागाच्या भरात त्याचा अर्थ लावत बसले नाही. झऱ्यावरही गेले नाही. मरेन पण जाणार नाही, असं मनाशी म्हणत पाय आपटत मोहाकडे परतले.

तिथे गाव जमत होतं. बाप्ये एका अंगाला, बाया दुसऱ्या अंगाला, नेहमीसारखे. पण ढोल नाही, हसणं नाही, एकमेकांच्या खोड्या नाहीत. सगळे आमच्यापासून थोडे लांब बसले. मधे वेस्ता डाया येऊन बसला. डाया म्हणजे गावातला मोठा, ज्याच्यावाचून कोणताच निवाडा होत नाही. काठीसारखा सरळ म्हातारा, डोक्याला पांढरं फडकं. याच्याच हाताने पौषात सरांना फेटा बांधला होता. सरांनी ओळखीचं हसत हात जोडले. वेस्ताने हात जोडले, पण हसला नाही.

"काय डायाबाबा, आज आमच्यावर रागावलात?" सर मराठीत म्हणाले.

"नाय साहेब," वेस्ता म्हणाला. "राग नाय. तू सभा चालू कर."

आमच्या बोलीत साहेबालाही तूच म्हणतात. सरांना ते माहीत होतं.

सरांनी खिशातला रेकॉर्डर चालू केला आणि नकाशा उलगडला. मी भाषांतर करायला उभी राहिले. पाय भाजत होते, घशातून शब्द ओरखडे काढत बाहेर येत होते. सर कंपनीची ओळख करून देत होते, विजेचं महत्त्व सांगत होते, आणि मी मनात प्रत्येक वाक्यामागे या गावाला एक शिवी घालत होते. मॅडमनी मधेच हात वर केला. त्यांना संमतीच्या निकषाबद्दल आधी सांगायचं होतं.

"यांना सांग," त्या मला म्हणाल्या, "जगातल्या देशांनी मिळून हे ठरवलं आहे. तुमच्या जमिनीचं काय करायचं हे तुम्हाला विचारल्याशिवाय कोणी ठरवू शकत नाही. आणि उत्तर देताना तुमच्या मनावर कसलंही ओझं असता कामा नये. भीतीचं नको, लालचीचं नको, कसलंच नको."

मी सांगितलं. वेस्ता लक्ष देऊन ऐकत होता. मग त्याने मला विचारलं, "कसलंच ओझं नको, असं म्हणाली ती?"

"हो."

"परत विचार तिला."

मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "कसलंच नाही."

वेस्ताने मान हलवली आणि बायांच्या बाजूला बघितलं. फुई तिथे पुढेच बसली होती. ती वेस्ताकडे नाही, मॅडमकडे बघत होती. मी वळून पाहिलं तर मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. घाम थांबला होता, ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. त्या मोहाच्या बुंध्याला पाठ टेकून हळूहळू एका बाजूला कलल्या.

"पाणी आणा!" सर ओरडले.

कोणी उठलं नाही.

मी तेव्हा काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. "माणसं आहात का तुम्ही?" एवढं नक्की म्हटलं. "म्हातारी बाई समोर मरते आणि तुम्ही बसून बघता? माझ्या आईबापांनी हे शिकवलं नव्हतं मला. थूः तुमच्या गावावर." मी मॅडमच्या तोंडावर पदराने वारा घालत होते. माझा आवाज चिरका झाला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

फुई उठली. धावतच समोरच्या घरात गेली आणि आतल्या घागरीतून तांब्या भरून बाहेर आली. पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडत होतं. अंगणाच्या मधे येऊन ती थांबली आणि वेस्ताकडे पाहिलं.

"दे ना!" मी ओरडले.

"बेटी," वेस्ता मला म्हणाला. त्याचाही आवाज आता सरळ नव्हता. "सवाल विचार. आधी सवाल विचार, मग पाणी देतो. लवकर कर, बेटी, लवकर."

"कसला सवाल?"

"तोच. माळ देता का म्हणून. साहेबाला विचारायला सांग, नाय तर तू विचार."

"ही बाई इथे…"

"पाणी दिलं की आम्हाला बोलता नाय येणार!" फुई म्हणाली. ओरडून नाही, रडल्यासारखी. "तुला माहीत नाय का गं? ज्याच्यासंगं आज पाणी झालं त्याला आज तोंडावर नाय म्हणता येतं का? तू म्हणशील? तुझा बाप म्हणाला कधी? पौषात या साहेबाला कोंबडं खिलवलं, फेटा बांधला, आणि मग याने विचारलं. सगळ्यांनी हां म्हटलं. काय करणार? आपल्याच अंगणात, आपलंच पाणी पिऊन बसलेला माणूस. तो मागतो, आपण नाय म्हणायचं?"

मला माहीत होतं. अर्थात माहीत होतं. आमच्याकडे पाणी प्यालेल्या पाहुण्याला तो शीव ओलांडून जाईपर्यंत नाही म्हणत नाहीत. पाहुणाही घरधन्याला नाही म्हणत नाही. म्हणून शहाणा पाहुणा काही मागतच नाही, आणि मागायचं असलं तर निघाल्यावर, शिवेवर उभा राहून मागतो, म्हणजे समोरच्याला सुटता येतं. हे मी कोणाकडून शिकले नव्हते, ते अंगातच होतं. पण पाणी न देता माणसाला सभेत बसवायचं, हे आमच्या खोऱ्यात कोणी कधी केलं नव्हतं. या गावाने ते पहिल्यांदा केलं होतं आणि त्यांना ते किती जड गेलं होतं ते आता मला सगळ्यांच्या तोंडांवर दिसलं. सगळ्यांचेच ओठ फुटलेले होते. आम्हाला द्यायचं नाही म्हणून सकाळपासून गावात कोणी पाणी प्यालं नव्हतं.

"काय म्हणतायत हे?" सर विचारत होते. "जामना, आधी तांब्या घे तिच्या हातातून."

मी तो घेतला असता. खरं सांगते, माझा हात पुढे गेलाच होता. पण मॅडमनी डोळे उघडले आणि माझं मनगट धरलं. त्यांनी माझ्या आणि फुईच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं.

"काय चाललंय? मला सांग. सगळं."

मी सांगितलं. दोनचार वाक्यांत, जमेल तसं. मधे मला हुंदका आला. फुई तांब्या धरून उभीच होती. मॅडमनी सगळं ऐकलं, मग तळहाताने तो तांब्या हळूच मागे सारला.

"पहले सवाल," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुमची तब्येत…" सर म्हणाले. "आणि अजून सादरीकरण व्हायचंय. सगळी माहिती दिल्याशिवाय प्रश्न विचारला तर तोही निकषात बसत नाही."

मॅडमनी वेस्ताकडे बोट केलं. "त्याला विचार, काय होणार आहे ते ठाऊक आहे का."

वेस्ता म्हणाला, "माळ पाण्याखाली जाणार. आंबे जाणार. देवाची जागा आहे ती जाणार. पैसे देतील, खाली सपाटीला घर देतील, एकाला नोकरी देतील. पौषातच समजलं. धरणाच्या वेळी खालच्या पाड्यातले लोक असेच गेले. आता त्यांच्याकडे लग्नाला जायचं तर गाडी करावी लागते. न समजायला काय झालं?"

मी ते सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "विचार."

सरांनी नकाशाची गुंडाळी केली होती. मग मीच विचारलं. गावाकडे तोंड करून, पावरीत. माळ कंपनीला द्यायला तुम्ही राजी आहात का?

तुम्हाला वाटेल, आता सगळे एकदम उठून नाही म्हणाले असतील. तसं काही झालं नाही. पहिला माणूस उठला, त्याने घसा साफ केला, सरांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "साहेब लांबून आला आहे… बघू… विचार करू…"

"पाणी नाय प्यालं अजून कोणी," वेस्ता त्याच्यावर खेकसला. "बोल."

त्या माणसाने मान खाली घातली. अंगठ्याने माती उकरली. "नाय," तो म्हणाला, आणि चटकन खाली बसला, एखाद्यावर हात उगारल्यासारखा शरमून.

मग दुसरा. मग तिसरा. कोणी आभाळाकडे बघून म्हणालं, कोणी मोहाच्या बुंध्याला सांगितलं. एका बाईने पदरात तोंड लपवून नाय म्हटलं आणि तिच्या शेजारणीला हसू फुटलं, मग तिनेही तसंच म्हटलं. मी एका डोळ्याने मॅडमकडे बघत होते, लवकर, लवकर, असं मनात म्हणत होते. त्या बुंध्याला टेकून प्रत्येकाचं तोंड बघत होत्या. नाय हा शब्द त्यांना भाषांतर करून सांगावा लागला नाही.

वेस्ताने सरांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. "नाय, साहेब. तू चांगला माणूस आहेस. माळ नाय देत."

शेवटी फुई उरली. तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरून ती म्हणाली, "माझे सगळे आंबे त्या माळावर आहेत. नाय." आणि ते म्हणता म्हणताच ती खाली बसली, मॅडमच्या मानेखाली हात घातला आणि तांब्या त्यांच्या ओठांना लावला.

मग जे झालं ते बघायला हवं होतं. सगळं गाव उठून धावलं. माठ सुलटे झाले, घरांतून भरलेल्या घागरी आल्या, तांबे आले, कोणी मॅडमच्या पायांवर पाणी ओततंय, कोणी सरांच्या हातात तांब्या कोंबतंय, कोणी खाट आणतंय. वेस्ता स्वतः घटाघटा प्यायला आणि उरलेलं डोक्यावर ओतून घेतलं. कोंबड्यांची पळापळ सुरू झाली. फुईने दुसरा तांब्या भरला आणि माझ्यासमोर धरला.

"आता कोणाची म्हणून पिऊ?" मी म्हटलं. अजून राग गेला नव्हता माझा.

"पी गुमान," ती म्हणाली.

मी प्यायले. तिने माझ्या गालावरून ओला हात फिरवला आणि कैऱ्यांचा आंबट वास आला, आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले.

जेवणं झाली. ज्वारीच्या भाकरी, उडदाची डाळ, कोंबडीचा लालभडक रस्सा. सर गप्प गप्प जेवले, पण गावाने त्यांना आग्रह करून करून वाढलं. हात धुताना ते वेस्ताला हसून म्हणाले, "डायाबाबा, पण पुन्हा एकदा विचार कराल ना माळाचा?"

वेस्ताच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो सरांच्या हातांवर पाणी ओतत होता. तांब्या रिकामा होईपर्यंत तो ओततच राहिला. मग म्हणाला, "करू, साहेब. करू ना."

मॅडम खाटेवर आडव्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, काय म्हणाला. मी सांगितलं.

"पाणी प्यायल्यावरचं मी धरत नाही," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

पुढे बँकेने त्या तलावातून अंग काढून घेतलं. कंपनी दुसरीकडे गेली. नंतर आणखी कोणी येऊन माळ बघून गेले, पुढेही येतील. फुई गेली, वेस्ताही गेला. आंबे आहेत. गावात गाडीचा आवाज आला की हल्लीच्या सुना आधी विचारतात, पाहुणे आहेत का काही मागायला आलेत, आणि मग माठाला हात लावतात. आमचे म्हातारे असते तर यावर खूप हसले असते, किंवा त्यांना फार वाईट वाटलं असतं. मला अजून ठरवता येत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही डोंगर उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. शीव ओलांडताना फुई तिथपर्यंत आली, आमचुराची पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि काही न मागता परत फिरली. मॅडमना तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं. सर आणि मी स्टँडवरच्या हॉटेलात बसलो. सरांनी दोन चहा सांगितले. चहा आल्यावर नेहमीसारखा पहिला कप त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"दमलीस ना?" ते म्हणाले. "आज तू नसतीस तर काही खरं नव्हतं."

दिवसभराच्या त्रासाने अंग ठणकत होतं आणि त्या चहाचा आल्याचा वास नाकात शिरत होता.

"आपण असं करू," सर हळू आवाजात म्हणाले. "मॅडम त्यांचं मत लिहितील, ते त्यांचं. पण त्यांना बोली येत नाही. बँकेत वरची माणसं वाचणार ती तुझा अनुवाद. रेकॉर्डर शेवटपर्यंत चालू होता. वेस्ता शेवटी विचार करू म्हणाला, ते खोटं आहे का? नाही ना? मग तेच शेवटी राहू दे. आधीचं ते उन्हात, गोंधळात झालेलं. सारांशात आपण म्हणू, गावाने विचाराला वेळ मागितला. मी काही त्यांचा माळ खायला बसलेलो नाही, जामना. पण हे काम गेलं तर ऑफिस बंद करावं लागेल. तुझ्यासकट सगळ्यांची घरं त्यावर चालतात."

ते खरं बोलत होते, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या घरच्या किती पोळ्या मी खाल्ल्या होत्या, वहिनींनी माझ्यासाठी किती वेळा दार उघडलं होतं. या माणसाला मी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. म्हणता येईल असं वाटलंही नव्हतं.

माझा हात कपाकडे गेला होता. बोटांना कपाचा कान लागला होता. मी तो हात काढून मांडीवर ठेवला, आमचुराच्या पुरचुंडीवर.

"चहा निवतोय," सर म्हणाले. "आधी चहा घे, मग बोलू."

"नाही, सर," मी म्हटलं. "आधी बोलते. मग घेते."